‘आत्ताच’, ‘मघाशी’, ‘नुकतंच’, ‘हल्ली’: इंग्रजी बोलताना कुठे कोणता शब्द वापरायचा?

नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर उतरलो की आपण फोनवर सांगतो, ‘आत्ताच पोचलो.’ घरातून पाय निघायचा असतो तेव्हाही सांगतो, ‘आत्ताच निघतो.’ शब्द एकच, पण मराठीत गोंधळ होत नाही, कारण ‘पोचलो’ आणि ‘निघतो’ ही क्रियापदं काळ सांभाळून घेतात. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘जस्ट’ लागतं आणि दुसऱ्याला ‘राइट नाऊ’. ‘आय हॅव जस्ट रीच्ड.’ ‘आय ॲम लीव्हिंग राइट नाऊ.’

थोड्या वेळापूर्वी घडलेली गोष्ट सांगणारे इंग्रजी शब्द तसे मोजकेच आहेत: जस्ट, जस्ट नाऊ, रिसेन्टली, लेटली, न्यूली, फ्रेशली, अर्लिअर, द अदर डे आणि अगो लावून होणारे शब्दगट. अर्थ सगळ्यांना माहीत असतात. चूक होते ती त्यांच्याबरोबर येणाऱ्या काळात आणि वाक्यातल्या जागेत. शाळेत ‘जस्ट म्हणजे नुकताच, लेटली म्हणजे अलीकडे’ अशी जोडी पाठ होते, आणि मिहानमधल्या कंपनीत मुलाखतीला बसल्यावर ‘आय हॅव न्यूली कम्प्लीटेड माय डिग्री’ असं वाक्य तोंडून जातं. म्हणून शब्दांची जोडी लावणं बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमानं चला. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत; ती मोठ्यानं वाचा.

पहिली पायरी: बोलण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, गोष्ट एकदाच घडली की गेले काही दिवस घडत आली आहे? कूलर विकत घेतला, ही एकदाची घटना. कूलर आवाज करतोय, ही चालत आलेली गोष्ट. या एका प्रश्नावर रिसेन्टली आणि लेटली वेगळे होतात.

दुसरा प्रश्न, वेळ नेमकी सांगणार आहात का? ‘काल’, ‘सोमवारी’, ‘दोन तासांपूर्वी’, ‘मार्चमध्ये’ असं काही वाक्यात आलं की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ गळून पडतं आणि साधा भूतकाळ येतो. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ हे वाक्य चुकीचंच. ‘आय मेट हिम यस्टरडे’ बरोबर.

तिसरा प्रश्न, त्या घटनेचा परिणाम आत्ता समोर आहे का? जेवलो म्हणून आता भूक नाही, निघाला म्हणून आता जागेवर नाही, किल्ली हरवली म्हणून आता बाहेर उभा आहे. परिणाम आत्तापर्यंत पोचत असेल आणि वेळ सांगितलेली नसेल तर ‘हॅव’चं रूप घ्या.

सुरुवातीला या तीन प्रश्नांना वेळ लागतो. म्हणून सराव लिहून करा, बोलून नंतर. स्वतःच व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवलेली पाच वाक्यं घ्या, प्रत्येकाच्या पुढे ‘एकदा’ की ‘चालू’, ‘वेळ आहे’ की ‘नाही’ एवढं लिहा आणि मगच इंग्रजी करा.

दुसरी पायरी: जस्ट

‘जस्ट’ची जागा ठरलेली आहे. ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ या सहायक क्रियापदानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी. ‘ही हॅज जस्ट लेफ्ट.’ ‘वी हॅव जस्ट हॅड लंच.’ सहायक क्रियापदं दोन असतील तर पहिल्यानंतर: ‘द टिकेट्स हॅव जस्ट बीन बुक्ड.’ प्रश्नात कर्त्यानंतर: ‘हॅव यू जस्ट कम बॅक?’

‘नुकतंच’ म्हणजे किती वेळ? मिनिटांचा हिशेब इथे नाही, तो घटनेच्या आकारावर ठरतो. चहा झाल्याला पाच मिनिटं झाली तर ‘जस्ट’ शोभतं, दोन तास झाल्यावर नाही. लग्नाला तीन आठवडे झाले तरी ‘दे हॅव जस्ट गॉट मॅरिड’ चालतं. नोकरी, घर बदलणं, बाळंतपण अशा मोठ्या गोष्टींना ‘जस्ट’ काही आठवड्यांपर्यंत ताणता येतं.

आता ‘हॅव’चा वाद. ब्रिटिश पद्धतीत ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतात. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ हे साध्या भूतकाळातलं वाक्य रोजचं आहे आणि ते अशुद्ध नाही. अमेरिकी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यांनी ते ऐकून घाबरू नये, वापरलं तरी हरकत नाही. शाळा-कॉलेजच्या पेपरात मात्र ‘हॅव’ लावा. तिथे ‘जस्ट’ दिसला की परीक्षक पूर्ण वर्तमानकाळच शोधतात. बोलताना ‘आय हॅव’चं ‘आय्व्ह’ होतं आणि तो शेवटचा ‘व्ह’ इतका हलका असतो की ऐकणाऱ्याला ‘आय जस्ट’ एवढंच ऐकू येतं. इंग्रजी बातम्या ऐकून शिकणारे ‘हॅव’ गाळतात याचं हेही एक कारण आहे. हॅव असो की नसो, पुढचं रूप तपासा: ‘आय हॅव जस्ट ईटन’ किंवा ‘आय जस्ट एट’. ‘आय जस्ट ईटन’ कुठेच चालत नाही.

एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते: ‘आय केम नाऊ ओन्ली.’ हे ‘आत्ताच’मधल्या ‘च’चं काम आहे. मराठीत जोर देण्यासाठी शब्दाला ‘च’ चिकटतो, तसा आपण इंग्रजीत शेवटी ‘ओन्ली’ चिकटवतो. इंग्रजीत तो जोर ‘जस्ट’ स्वतःच देतं. ‘आय हॅव जस्ट कम.’ आणि ‘कालच आलो’ म्हणायचं असेल तर ‘आय ओन्ली केम यस्टरडे’. ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी, वाक्याच्या शेपटीला नाही. इथे ‘यस्टरडे’ आहे, त्यामुळे ‘हॅव’ही नाही.

‘जस्ट’चा दुसरा अर्थ ‘फक्त’. त्यामुळे ‘आय हॅव जस्ट ईटन टू रोटीज’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: आत्ताच दोन पोळ्या खाल्ल्या, किंवा दोनच पोळ्या खाल्ल्या. पाहुण्यांकडे आग्रह चालू असताना हा फरक पोटावर येतो. पोट भरलंय सांगायचं असेल तर संख्या काढून टाका: ‘आय हॅव जस्ट ईटन.’ दोनच खाल्ल्या सांगायचं असेल तर ‘आय हॅड ओन्ली टू रोटीज.’

नकारात ‘जस्ट’ वापरू नका. ‘तो अजून आला नाही’ याला ‘येट’ हवं: ‘ही हॅज नॉट कम येट.’ आणि अपेक्षेपेक्षा आधीच झालं असेल तर ‘ऑलरेडी’: ‘ही हॅज ऑलरेडी लेफ्ट.’ ‘जस्ट’ सांगतं की थोड्याच वेळापूर्वी झालं. ‘ऑलरेडी’ सांगतं की झालेलं आहे, मग पाच मिनिटांपूर्वी असो की पाच दिवसांपूर्वी. बिल भरल्याचं विजेच्या ऑफिसात सांगताना ‘आय हॅव ऑलरेडी पेड’ म्हणा. ‘जस्ट पेड’ म्हटलंत तर समोरचा ‘मग अजून सिस्टिममध्ये दिसत नसेल’ असं समजेल.

‘जस्ट’च्या जोडीनं ‘बीन’ आणि ‘गॉन’चाही घोळ होतो. ‘ही हॅज जस्ट गॉन टू पुणे’ म्हणजे तो गेला आहे, इथे नाही. ‘ही हॅज जस्ट बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन आला आहे. ‘तो नुकताच पुण्याला गेला होता’ असं मराठी वाक्य डोक्यात असेल तर आधी ठरवा, माणूस परत आलाय का.

तिसरी पायरी: जस्ट नाऊ

‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ता क्षणभरापूर्वी, पण त्याच्याबरोबर साधा भूतकाळ घ्या आणि ते वाक्याच्या शेवटी ठेवा. ‘आय सॉ हिम जस्ट नाऊ.’ ‘समवन कॉल्ड फॉर यू जस्ट नाऊ.’ ‘आय हॅव सीन हिम जस्ट नाऊ’ टाळा.

याचा आणखी एक अर्थ ‘या घडीला’ असाही आहे: ‘शी इज बिझी जस्ट नाऊ.’ काळावरून कोणता अर्थ ते कळतं. ‘आय विल कम जस्ट नाऊ’ मात्र म्हणू नका. तुम्हाला ‘आत्ताच येतो’ म्हणायचं असतं, पण ऐकणारा अडखळतो. दक्षिण आफ्रिकेत तर त्याचा अर्थ ‘येईन थोड्या वेळानं’ असा होतो. ‘आय ॲम कमिंग राइट नाऊ’ किंवा ‘आय विल बी देअर इन अ मिनिट’ हे कुठेही समजतं.

चौथी पायरी: ‘मघाशी’ आणि ‘होता’चा फास

मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘हॅड’ जितक्या वेळा उगाच येतो तितक्या वेळा दुसरं कुठलंही सहायक क्रियापद येत नाही. त्याचं मूळ आपल्या भाषेतच आहे. ‘मघाशी तुम्हाला फोन केला होता.’ ‘गेल्या आठवड्यात अमरावतीला गेलो होतो.’ ‘परवा तुमचे काका भेटले होते.’ मराठीत ही वाक्यं अगदी स्वाभाविक आहेत. घटना होऊन गेली, तिच्यावर पडदा पडला, एवढंच त्या ‘होता’नं सांगायचं असतं. तेच इंग्रजीत उतरतं: ‘आय हॅड कॉल्ड यू.’ ‘आय हॅड गॉन टू अमरावती लास्ट वीक.’ ‘आय हॅड मेट युअर अंकल.’

इंग्रजीत ‘हॅड’ला नंतरची दुसरी एक भूतकाळातली घटना लागते. गाडी सुटली, त्यानंतर आपण पोचलो: ‘द ट्रेन हॅड जस्ट लेफ्ट व्हेन वी रीच्ड अजनी.’ इथे ‘हॅड’ बरोबर, कारण ‘वी रीच्ड’ हा दुसरा खुंटा आहे. ‘आय हॅड कॉल्ड यू’ असं नुसतं म्हटलं की इंग्रजी ऐकणारा थांबून राहतो: कशाच्या आधी?

त्यामुळे चाचणी सोपी. वाक्याच्या शेवटी ‘व्हेन…’ किंवा ‘बाय द टाइम…’ किंवा ‘बिफोर…’ जोडून पाहा. जोडायला खरंच काही असेल तर ‘हॅड’ ठेवा. नसेल तर काढा. ‘आय कॉल्ड यू अ व्हाइल अगो.’ ‘आय वेन्ट टू अमरावती लास्ट वीक.’ ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे’ हे वाक्य रोज लिहिलं जातं. तिथे ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे’ एवढंच हवं. ‘हॅड’ घातल्यावर वाक्य जास्त सभ्य होतं अशी काहींची समजूत आहे. तसं काही नाही. उलट ‘मी पाठवलं होतं, तुम्हीच पाहिलं नाही’ असा तक्रारीचा सूर लागू शकतो.

आता ‘मघाशी’ला शब्द. आजच्याच दिवसातलं, थोडा वेळ उलटून गेलेलं, एवढं नेमकं सांगणारा एकच शब्द इंग्रजीत नाही. प्रसंग पाहून निवडा. पाच-दहा मिनिटं झाली असतील तर ‘अ फ्यू मिनिट्स अगो’. तास-दोन तास झाले असतील तर ‘अ व्हाइल अगो’ किंवा ‘अर्लिअर’. सकाळची गोष्ट संध्याकाळी सांगत असाल तर ‘अर्लिअर टुडे’. एक सांभाळा: ‘अ व्हाइल अगो’ लवचीक आहे, काही वर्षांपूर्वीसाठीही तो वापरतात. आजचंच म्हणायचं असेल तर ‘अर्लिअर टुडे’ जास्त पक्कं. या सगळ्यांबरोबर साधा भूतकाळच.

पाचवी पायरी: रिसेन्टली

सगळ्यात बिनधोक शब्द हाच. एकदाच घडलेली गोष्ट असो की चालत आलेली, ‘हॅव’ असो की साधा भूतकाळ, तो जमवून घेतो. ‘वी रिसेन्टली बॉट अ कूलर.’ ‘वी हॅव रिसेन्टली शिफ्टेड टू मनीषनगर.’ दुसऱ्या वाक्यात ‘हॅव’ मुद्दाम: अजून तिथेच राहतो. भेट देऊन परत आला असाल तर साधा भूतकाळ चांगला: ‘आय रिसेन्टली व्हिजिटेड दीक्षाभूमी.’

जागाही तीन चालतात. वाक्याच्या आरंभी, क्रियापदाच्या आधी, किंवा शेवटी. बोलताना मधली जागा सर्वांत सहज. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र नको: ‘दे रिपेअर्ड रिसेन्टली द रोड’ कानाला खटकतं. उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर द्या: ‘री’ लांब, पुढचं सगळं हलकं, ‘रीसन्टली’.

तारीख दिली तर ‘रिसेन्टली’ काढा. दोन्ही एकत्र घालण्यात हशील नाही. आणि लेखी मजकुरात हा शब्द घालताना पुढचा विचार करा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्या महिन्यातल्या बातमीत ‘रिसेन्टली ओपन्ड’ योग्यच होतं. पण कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा वेबसाइटवर ते वाक्य तसंच राहिलं तर आज ते शिळं वाटतं. तिथे ‘ओपन्ड इन डिसेंबर २०२२’ लिहा, म्हणजे कधीच बदलावं लागणार नाही. शहराच्या दळणवळणाचा इतिहास लिहीत असाल तर गोष्ट वेगळी: नागपुरात रेल्वे १८६७ साली आली, त्या मापानं २०२२ हे ‘रिसेन्टली’ म्हणता येतं. शब्दाची लांबी विषयाच्या लांबीवर ठरते.

याच शब्दाचे दोन उपयोग कमी शिकवले जातात. ‘अन्टिल रिसेन्टली’ म्हणजे आत्ताआत्तापर्यंत, आणि त्यात ‘आता तसं नाही’ हे आलंच: ‘अन्टिल रिसेन्टली, ही वर्क्ड इन मिहान.’ तो अजून तिथेच असेल तर हे वाक्य चूक. दुसरा, ‘ओन्ली रिसेन्टली’: ‘आय ओन्ली रिसेन्टली लर्न्ड टू ड्राइव्ह’, म्हणजे अगदी अलीकडेच, तोवर येत नव्हतं.

सहावी पायरी: लेटली

‘लेटली’ म्हणजे हल्ली, आताशा. गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हापुन्हा होणारी, नाहीतर चालत आलेली गोष्ट. त्याची खरी जोडी ‘हॅव बीन’ आणि ‘-इंग’ या रूपाशी. ‘द कूलर हॅज बीन मेकिंग अ नॉइज लेटली.’ ‘आय हॅव नॉट बीन स्लीपिंग वेल लेटली.’ ‘इट हॅज बीन टेरिबली हॉट लेटली’, हे तर मे महिन्यात नागपुरात रोजचंच.

एकदाच झालेल्या गोष्टीला ते लावू नका. ‘आय बॉट अ कूलर लेटली’ चूक. कूलर एकदाच घेतला, म्हणून ‘रिसेन्टली’. जागा बहुतेक वेळा शेवटी, कधी आरंभी. ‘आय हॅव लेटली बीन…’ असं मध्ये घातलं तर वाक्य जुन्या पुस्तकातलं वाटतं. प्रश्नात हा शब्द फार चांगला बसतो: ‘हॅव यू सीन हिम लेटली?’ म्हणजे इतक्यात कधी दिसला का तो? ‘ऑफ लेट’ हेही याच अर्थाचं, जरा औपचारिक. मेलमध्ये ठीक, गप्पांत नको.

‘लेट’ म्हणजे उशिरा, आणि त्याला ‘ली’ जोडलं की क्रियाविशेषण होईल, या हिशेबानं ‘ही केम लेटली टु द ऑफिस’ असं लिहिलं जातं. ‘लेट’ स्वतःच क्रियाविशेषण आहे. ‘ही केम लेट.’ रोजच उशिरा येऊ लागला असेल तर दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात: ‘ही हॅज बीन कमिंग लेट लेटली.’ हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा, फरक कायमचा बसेल.

‘हल्ली’साठी साधा वर्तमानकाळ वापरायचा असेल तर ‘दीज डेज’ घ्या. ‘रिसेन्टली आय गो फॉर अ वॉक ॲट फुटाळा’ चूक. ‘दीज डेज आय गो फॉर अ वॉक ॲट फुटाळा’ बरोबर, आणि ‘आय हॅव बीन गोइंग फॉर अ वॉक लेटली’ हेही बरोबर. ‘नाऊअडेज’ जरा मोठं आहे. पूर्वीच्या काळाशी तुलना असेल तेव्हा वापरा.

सातवी पायरी: न्यूली आणि फ्रेशली

हे दोन्ही शब्द विशेषणासारख्या रूपाला चिकटतात: ‘न्यूली मॅरिड कपल’, ‘न्यूली बिल्ट फ्लायओव्हर’, ‘न्यूली अपॉइंटेड टीचर’. स्वतंत्र क्रियापदाबरोबर ते बोलत नाहीत. ‘आय हॅव न्यूली जॉइन्ड धिस ऑफिस’ ऐवजी ‘आय हॅव जस्ट जॉइन्ड’ म्हणा, किंवा सरळ ‘आय ॲम न्यू हिअर’.

‘फ्रेशली’ खाण्यापिण्याला आणि हातानं केलेल्या कामाला: ‘फ्रेशली स्क्वीझ्ड ऑरेंज ज्यूस’, ‘फ्रेशली ग्राउंड मसाला’, ‘फ्रेशली पेंटेड वॉल’. सावजी रश्शाच्या जाहिरातीत ‘न्यूली ग्राउंड मसाला’ लिहिलं तर चव गेल्यासारखी वाटते. झाडावरून नुकतीच उतरवलेली संत्री ‘फ्रेशली पिक्ड ऑरेंजेस’.

आठवी पायरी: परवा, काल रात्री, आज सकाळी, दोन दिवसांपूर्वी

‘द अदर डे’ म्हणजे परवा-तेरवा, काही दिवसांपूर्वी. नेमका दिवस महत्त्वाचा नसतो तेव्हा. ‘आय मेट युअर अंकल द अदर डे.’ शब्दशः वाचून ‘दुसऱ्या दिवशी’ असा अर्थ लावू नका, त्याला ‘द नेक्स्ट डे’ म्हणतात. आणि नेमका कालच्या आदला दिवस सांगायचा असेल तर ‘द डे बिफोर यस्टरडे’.

‘यस्टरडे नाइट’ नाही, ‘लास्ट नाइट’. ‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’. ‘यस्टरडे मॉर्निंग’ मात्र चालतं. ‘धिस मॉर्निंग’ची एक बारीक गंमत आहे: सकाळ अजून चालू असेल तर ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ म्हणता येतं, दुपार झाली की ‘आय हॅड टू कप्स’.

‘दोन दिवसांपूर्वी’चं ‘बिफोर टू डेज’ करू नका. आजपासून मागे मोजायचं असेल तर संख्या आधी, ‘अगो’ नंतर: ‘टू डेज अगो’. ‘बिफोर’ला मोजायला दुसरा मुक्काम लागतो: ‘टू डेज बिफोर दिवाळी’. ‘टू डेज बॅक’ आपल्याकडे सर्रास बोलतात, बोलण्यात ते खपतं, लिहिताना ‘अगो’ ठेवा. आणि ‘अगो’बरोबर ‘हॅव’ कधीच नाही.

‘पासून’ला सगळीकडे ‘सिन्स’ लावणं ही तशीच दुसरी सवय. कालावधी मोजत असाल तर ‘फॉर’: ‘फॉर टू मन्थ्स’. सुरुवातीचा बिंदू सांगत असाल तर ‘सिन्स’: ‘सिन्स जून’.

नागपूरकडच्या बोलीचा इथे एक फायदाही आहे आणि धोकाही. ‘काम करून राहिलो’ हे रूप दिसायला भूतकाळी, पण अर्थ चालू वर्तमानाचा. घाईत त्याचं ‘आय वॉज वर्किंग’ होऊन बसतं. वेळ दिलेली नसेल तर ते ‘आय ॲम वर्किंग’. ‘दोन महिन्यांपासून काम करून राहिलो’ असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू मन्थ्स’. फायदा असा की ‘करून राहिलो’ म्हणताना ‘चालू आहे’ हा भाव आधीच डोक्यात असतो, त्यामुळे ‘हॅव बीन’ची सवय लवकर लागते.

शेवटची पायरी: एक उत्तर उलगडून

मुलाखतीत ‘टेल अस अबाउट युअरसेल्फ’ विचारल्यावर येणारं हे नेहमीचं उत्तर घ्या:

‘आय हॅव न्यूली कम्प्लीटेड माय बी.कॉम. आय हॅड डन इट फ्रॉम नागपूर युनिव्हर्सिटी. बिफोर टू मन्थ्स आय हॅव जॉइन्ड अ टॅली क्लास. आय ॲम लर्निंग टॅली सिन्स टू मन्थ्स. आय गेव्ह वन इंटरव्ह्यू लेटली. आय केम टु नो अबाउट धिस पोस्ट यस्टरडे नाइट ओन्ली.’

पहिल्या वाक्यात ‘न्यूली’ गेलं पाहिजे. निकाल याच आठवड्यात लागला असेल तर ‘आय हॅव जस्ट कम्प्लीटेड’, महिना-दोन महिने झाले असतील तर ‘आय रिसेन्टली कम्प्लीटेड’. दुसऱ्या वाक्यातल्या ‘हॅड’ला आधार नाही, आणि ते वाक्य वेगळं हवंच कशाला? पहिल्याला जोडा: ‘आय रिसेन्टली कम्प्लीटेड माय बी.कॉम. ॲट नागपूर युनिव्हर्सिटी.’

तिसऱ्यात दोन चुका, ‘बिफोर’ आणि ‘हॅव’. चौथ्यात ‘सिन्स’ आणि काळ. दोन्ही मिळून: ‘आय जॉइन्ड अ टॅली क्लास टू मन्थ्स अगो, अँड आय हॅव बीन लर्निंग इट सिन्स देन.’ ‘सिन्स’ इथे बरोबर आहे, कारण ‘देन’ हा बिंदू आहे, कालावधी नाही.

पाचव्यात मुलाखत एकदाच झाली, म्हणून ‘लेटली’ नको. शिवाय उमेदवार मुलाखत देत नाही. इंग्रजीत नोकरीच्या मुलाखतीत ‘गिव्ह’ करणारा म्हणजे मुलाखत घेणारा. ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू रिसेन्टली.’ हा ‘हॅड’ मुख्य क्रियापद आहे, तो राहू द्या. लागोपाठ बऱ्याच मुलाखती चालू असतील तर मात्र ‘आय हॅव बीन गोइंग फॉर इंटरव्ह्यूज लेटली.’

सहाव्यात ‘यस्टरडे नाइट’चं ‘लास्ट नाइट’, आणि ‘ओन्ली’ शेवटून उचलून क्रियापदाच्या आधी: ‘आय ओन्ली हर्ड अबाउट धिस पोस्ट लास्ट नाइट.’ म्हणताना जोर ‘लास्ट नाइट’वर द्या, ‘ओन्ली’वर नाही. ‘ओन्ली’वर जोर पडला तर ‘फक्त ऐकलं, बाकी काही केलं नाही’ असा भलताच अर्थ मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत जाऊ शकतो.